पंचमीची भरती

माझ्या नातवंडांनी दिवाळीच्या सुटीत एक बेत ठरवला आणि ठरवून झाल्यावर मला सांगितला. दाभोळच्या धक्क्यावर होडीत बसायचं आणि वाशिष्ठीच्या खाडीतून वर वर जात चिपळूणजवळचं गोवळकोट गाठायचं. परतही होडीतूनच यायचं. इंजिन लावायचं नाही. शीड, आणि अडीअडचणीला वल्ही. नात अकरा वर्षांची, नातू नऊ वर्षांचा. बेत ऐकून त्यांच्या आईने कपाळाला हात लावला. ती दोघं मात्र ओटीवर माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि नातीने विचारलं, "आबा, किती वाजता निघायचं?"

हा प्रश्न ऐकून मी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. खाडीतल्या प्रवासाचा खरा प्रश्न तोच आहे. किती लांब, किती दिवस, सोबत काय घ्यायचं, हे सगळं त्याच्या मागून येतं.

"सांगतो," मी म्हटलं, "पण आधी एक कोडं ऐका. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा गावातल्या एका तांडेलमामांच्या मचव्यातून याच वाटेने गेलो होतो. जाताना एका दमात गोवळकोट गाठलं. येताना मात्र लख्ख ऊन पडलेलं असताना, सकाळी अकराच्या सुमाराला, मामांनी खाडीच्या मधोमध नांगर टाकला आणि सगळे खलाशी खुशाल झोपले. मी म्हटलं, मामा, थांबलो का? मामा म्हणाले, 'समोरनं पाहुणा येतोय, त्याला वाट द्यायची.' मी दुपारपर्यंत नाळेवर बसून पाहिलं. एकही होडी आली नाही. आता तुम्ही बेत आखायला बसलाच आहात, तर पाहुणा कोण ते शोधा."

नातवाने लगेच मगरीचं नाव घेतलं. मी म्हटलं, आधी कागद आणा.

नकाशा ओटीवर पसरला. खाडीची वळणं पट्टीने मोजता येत नाहीत, म्हणून नातीने आजीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, तो पाण्याच्या निळ्या रेघेवर वळणावळणाने बसवला आणि मग सरळ करून पट्टीला लावला. साधारण ४० किलोमीटर भरले. हाताशी असलेली होडी चौदा फुटी, एक डोलकाठी, एक शीड. पाण्याची आणि वाऱ्याची साथ असेल तर सरासरी ताशी ६ किलोमीटर धरायला हरकत नाही.

"म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं," नात म्हणाली. "सकाळी सातला निघू. जेवायला गोवळकोट!"

"नदी कुठून कुठे वाहते?"

"सह्याद्रीकडून समुद्राकडे."

"आणि आपण निघालो समुद्राकडून सह्याद्रीकडे. मग पाण्याची साथ कशी मिळणार?"

दोघं गप्प झाली. स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "भरतीवर जायचं. त्यात काय एवढं?"

तिचं माहेर खाडीकाठचं. तिला हे शिकवावं लागलं नाही.

दाभोळ फार जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात फिरून परत निघाला, तो याच दाभोळहून गलबतात बसून. दाभोळला उतरलेला माल होड्यांतून वर गोवळकोटला जायचा आणि तिथून चिपळूणच्या पेठेत. रस्त्यांचं जाळं नव्हतं तेव्हा खाडी हाच रस्ता होता आणि तो रस्ता दिवसातून दोनदा वर वाहायचा, दोनदा खाली. असा रस्ता आणखी कुठे असतो, सांगा बघू! भरती आली की समुद्र नदीला मागे सारत आत शिरतो. ओहोटी लागली की नदी आणि समुद्र मिळून बाहेर पडतात. आपण फक्त योग्य वेळी त्यात होडी ठेवायची.

"मग भरती कधी असते?" नातवाने विचारलं.

"आजीला विचार."

आजीने भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. तिच्यात दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख आणि उपास, सगळं एकाच चौकोनात मावलेलं असतं. तिने बारीक अक्षरातल्या तिथीवर बोट ठेवलं. "तिथीची पाऊणपट करायची. जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाला भरती आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुन्हा. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तर सव्वाअकरा."

नातीने वहीत उभा तक्ता मांडला. द्वितीया, दीड वाजता. चतुर्थी, तीन वाजता. दशमी, साडेसात. मग पेन्सिल थांबली. "पण आजी, तारखेची पाऊणपट का नाही करायची?"

इथे मी पुढे सरसावलो. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात सुंदर वाटलेल्या गणितांपैकी हे एक आहे.

बाळांनो, तारीख माणसाने ठरवलेली आहे. तिथी चंद्र ठरवतो. आकाशात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूलाच असतो. पंचमी संपते तेव्हा तो ६० अंश पुढे गेलेला असतो आणि पौर्णिमेला बरोबर समोर, १८० अंशांवर. असे ३० टप्पे झाले की फेरी पुरी. रोज चंद्र थोडा मागे राहतो आणि कालच्यापेक्षा उशिरा उगवतो. चोवीस तासांना तीसने भागा. ४८ मिनिटं येतात. म्हणजे दर तिथीला चंद्र साधारण ४८ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तेवढीच उशिरा येते. तासाची पाऊणपट ४५ मिनिटं. तोंडी हिशेब सोपा व्हावा म्हणून आपल्या माणसांनी तीन मिनिटं सोडून दिली. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, त्यांनी आकाशातला कोन बोटांवर मोजून समुद्राची वेळ सांगितली.

"पण चंद्र तर दिवसातून एकदाच डोक्यावर येतो," नात म्हणाली. "भरती दोनदा का?"

अंगणात तिघं पळतायत असं समजा. पुढचा जोरात पळतो, मधला बेताने, मागचा हळू. थोड्या वेळाने काय होईल? पुढचा मधल्याच्या पुढे निघून जाईल आणि मागचा मधल्याच्या मागे राहील. मधल्याच्या दोन्ही बाजूंना अंतर पडेल. चंद्राकडच्या बाजूचं पाणी म्हणजे पुढचा. ते चंद्राला सगळ्यात जवळ, म्हणून त्याला ओढ जास्त. पृथ्वी मधली. पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात लांब, त्याला ओढ सगळ्यात कमी, ते मागे राहतं. म्हणून पाण्याला दोन फुगवटे येतात, एक चंद्राच्या बाजूला आणि एक त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. पृथ्वी फिरते तसा आपला किनारा दोन्ही फुगवट्यांच्या ओढीत सापडतो. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. आणि फुगवटे समोरासमोर असल्यामुळेच शुद्ध पंचमी असो की वद्य पंचमी, पाऊणपट तीच राहते.

पण पाणी काही मोकळं नाही. त्याला किनारे अडवतात, तळ अडवतो. म्हणून प्रत्येक किनाऱ्याची भरती चंद्रामागून आपापल्या उशिराने येते. आपल्याकडे पौर्णिमेला ती दुपारच्या आधी येते, म्हणून पाऊणपट जमते. हे सूत्र दुसऱ्या किनाऱ्यावर नेलं तर फसेल. पाणी किती चढेल तेही जागेवर ठरतं. गोव्याकडे मोठी भरती दोन मीटरच्या आसपास. मुंबईत मोठ्या उधाणाला पाण्याची उंची पाच मीटरला टेकते. आणि खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं, तिथे भावनगरकडे पाणी दहा मीटरच्याही वर चढतं. समुद्र एकच आहे, पण त्याला आत शिरायला मिळालेली वाट वेगवेगळी.

नातू इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "मग पौर्णिमेलाच जाऊ. तेव्हा सगळ्यात जास्त पाणी असतं ना?"

शाबास. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला सूर्य एकीकडे ओढतो आणि चंद्र काटकोनात दुसरीकडे. पाणी थोडंच हलतं. तो भांग. उधाणाला खाडीचा ओढा जोरदार असतो, भांगाला सुस्त. म्हणून पौर्णिमा हे उत्तर वाटायला अगदी बरोबर वाटतं. पण आपल्या होडीला शीड आहे, हे विसरलात.

आता वाऱ्याचं वेळापत्रक. थंडीच्या दिवसांत कोकणात वारा घड्याळासारखा वागतो. सकाळी ऊन चढतं तशी जमीन भराभर तापते, समुद्र मात्र सावकाश तापतो. जमिनीवरची हवा तापून हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. अकरा-बाराच्या सुमाराला सुटतात, तीन-चार वाजता भरात येतात आणि दिवेलागणीला मंदावतात. रात्री उलट. जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून ठेवतो आणि पहाटेपर्यंत डोंगराकडून समुद्राकडे वारा वाहतो. हे मतलई वारे. आपली खाडी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे आत गेलेली आहे. म्हणजे दुपारचा वारा आपल्याला गोवळकोटकडे ढकलणार आणि पहाटेचा वारा दाभोळकडे.

"आता पौर्णिमेचा हिशेब करा."

नातीने केला. भरती पूर्ण होणार सव्वाअकराला. म्हणजे पाणी आत यायला लागणार सव्वापाचला. पाणी वर चालेल ते पहाटे सव्वापाच ते सव्वाअकरा. "आणि वारा तेव्हा समोरून!" ती ओरडली. "आणि खारे वारे सुटतात तोपर्यंत ओहोटी लागलेली!"

"मग अष्टमी घेऊ," नातू म्हणाला. "दुपारी बारा ते सहा भरती. वारा सगळा पाठीवर."

"पण अष्टमीला भांग," नात म्हणाली. "पाण्याला जोर नाही. आणि पोचेपर्यंत अंधार."

बघा, पेच कसा पडला. पौर्णिमेला पाणी आपलं, वारा परका. अष्टमीला वारा आपला, पण पाण्यात जीव नाही. जगातल्या सगळ्या नद्यांवर हा पेच पडत नाही. इजिप्तमध्ये नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिथला वारा बहुतेक वर्षभर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. प्रवाहाविरुद्ध जायचं तर शीड उभारा, परतताना शीड उतरवा आणि वाहत या. तिथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' असं लिहिताना शीड उभारलेली होडी काढत आणि 'उत्तरेला जाणे' लिहिताना शीड नसलेली. त्यांचं वेळापत्रक कायमचं ठरलेलं. आपल्याला मात्र चंद्राचं आणि सूर्याचं अशी दोन घड्याळं जुळवावी लागतात. भरती तिथीने चालते, वारा उन्हाने चालतो. ती दोन्ही जुळतात असा दिवस पंधरवड्यात शोधायचा.

नातीने तक्त्यावरून बोट खाली आणलं आणि पंचमीवर थांबली. पाचाची पाऊणपट पावणेचार. पाणी आत यायला लागणार पावणेदहाला. पहाटेचा वारा तोवर पडलेला, दुपारचा तासा-दीड तासात सुटणार. भांग अजून दोन-तीन दिवस लांब, त्यामुळे पाण्याला जोरही बेताचा पण पुरेसा.

आजीने दिनदर्शिकेची पानं उलटली. "माघ शुद्ध पंचमी घ्या. वसंत पंचमी. पावसाचं नाव नाही, आणि संध्याकाळी थोडा चंद्रही असेल." वहीत पहिली ओळ लिहिली गेली: पंचमी, सकाळी पावणेदहा, दाभोळ.

"पण आबा," नात म्हणाली, "काहीतरी चुकतंय. भरती सहा तासांची. आपल्याला लागणार सहा तास चाळीस मिनिटं. शेवटची चाळीस मिनिटं ओहोटी समोरून येईल."

हा प्रश्न तिला आपणहून पडला, याचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! उत्तर असं. दाभोळला पाणी चढायला लागलं म्हणजे गोवळकोटला त्याच क्षणी चढत नाही. भरती ही एक फार लांबलचक लाट आहे आणि तिला खाडी चढायला वेळ लागतो. उथळ पाण्यात अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली मीटरमध्ये घ्या, दहाने गुणा, वर्गमूळ काढा. सेकंदाला किती मीटर ते आलं. आपली खाडी सरासरी चार मीटर खोल धरू. चार दाहे चाळीस, वर्गमूळ सव्वासहाच्या आसपास. म्हणजे ताशी २२-२३ किलोमीटर. ४० किलोमीटरला पावणेदोन तास. दाभोळला पावणेचारला पूर्ण भरती, तर गोवळकोटला साडेपाचला.

"आपण तर साडेचारला पोचू!" नातवाने टाळी वाजवली. "भरती चालूच!"

"होय. समुद्र आपल्याबरोबर चालत येतो, म्हणून सहा तासांची भरती आपल्याला जास्त पुरते. खोली जागोजाग बदलते, म्हणून हा अंदाज आहे. निघण्याआधी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं आणि गोवळकोटच्या होडीवाल्यांना तिथली वेळ विचारायची. ते सांगतील तीच खरी."

भरतीचा चढ सारखा नसतो, तेही लिहून ठेवा. सहा तासांत पाणी जेवढं चढायचं त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. झोका जसा टोकाला सावकाश आणि मधे जोरात असतो, तसंच. म्हणून पहिला तास वल्ही मारायची, मधले दोन तास मजेत जायचं.

आणि एक नियम तांडेलमामांनी मला डोक्यावर हात ठेवून सांगितला होता: अनोळखी पाण्यात शिरायचं ते चढत्या पाण्यावर. चढत्या पाण्यावर होडी गाळाला लागली तर घाबरायचं नाही, दहा मिनिटांत समुद्रच उचलतो. उतरत्या पाण्यावर लागली तर पुढची भरती येईपर्यंत बसा. आणि उधाणाच्या अगदी माथ्यावर लागली, तर पुढचं पाणी तेवढं चढतच नाही. पंधरा दिवसांनी दुसरं उधाण येईल तेव्हा सुटका.

"वारा पाठीवर नसेल तर?" नातवाने विचारलं. "खाडी वळली की वारा आडवा येईल."

त्याचं उत्तर द्यायला मी त्याला विचारलं, "बरक्या फणसाची ओली आठळी दोन बोटांत धरून दाबलीस तर काय होतं?"

"सुटते! पुढे उडते!"

बोटं दाबतात आडवी, आठळी जाते पुढे. होडीचंही तसंच. वाऱ्याच्या आड तिरकं धरलेलं शीड पंखासारखं काम करतं आणि होडीला एका बाजूला ओढतं. होडीच्या तळातून खाली सोडलेली फळी पाण्यात आडवी सरकायला नकार देते. एका बोटाच्या जागी वारा, दुसऱ्या बोटाच्या जागी पाणी, आणि मधली होडी पुढे सटकते. अगदी समोरच्या वाऱ्यात मात्र कुठलंच शीड चालत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं.

मग वाटेतली मंडळी लिहून काढली. दाभोळ-धोपावे फेरीबोट गाड्या घेऊन येजा करते. तिला पुरतं टाळून मगच खाडी ओलांडायची. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि पूल आधी जाऊन पाहायचे, कारण भरतीला पाणी चढतं तेवढीच डोलकाठीही वर चढते. पुढे खेडहून आलेली जगबुडी वाशिष्ठीला मिळते. दोन्ही काठांना कांदळवन. चिखलातून वर आलेली तिवरांची मुळं मोजता येणार नाहीत इतकी. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. आणि ओहोटीच्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, मासा असून पाण्याबाहेर फिरणाऱ्या.

"आणि मगरी!"

हो, मगरी. वरच्या अंगाला, चिपळूणच्या बाजूला त्या आहेतच. थंडीत सकाळी काठावर ऊन खात पडतात, कारण त्यांना अंग तापवायला आपल्यासारखी आतली शेगडी नाही. म्हणून पाण्यात हातपाय सोडायचे नाहीत, चिखलावर उतरायचं नाही, मुक्काम गावच्या धक्क्यावरच. त्यांच्या घरातून आपण जाणार आहोत. सगळ्यांच्या अंगात तरंगणारी जाकिटं, माणशी रोज चार लिटर पाणी आणि निघण्याआधी बंदर खात्याच्या माणसांना सांगून ठेवायचं.

गोवळकोटला पोचलात की होडीकडे बघा. ती समुद्रात होती त्याहून केसभर खाली बसलेली असेल. समुद्राच्या एका लिटर पाण्याचं वजन साधारण १ किलो २५ ग्रॅम, गोड्या पाण्याचं १ किलो. माणसं, सामान धरून होडी ४१० किलो असेल, तर समुद्रात ती ४०० लिटर पाणी बाजूला सारून तरंगते, गोड्या पाण्यात तिला ४१० लिटर सारावं लागतं. फरक दोनेक मिलिमीटरचा. डोळ्याला दिसणार नाही, पण होडीला ठाऊक असतो.

आणि तिथलं पाणी कुठून आलंय, ठाऊक आहे? वाशिष्ठीचं स्वतःचं पाणी आहेच. पण त्यात कोयनेचंही आहे. कोयना सह्याद्रीच्या पलीकडची. तिने कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचं, असं डोंगराने ठरवलेलं. माणसांनी त्या डोंगराच्या पोटातून बोगदे खणले, कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवलं, पोफळीच्या जनित्रांवर सोडून वीज केली आणि ते पाणी वाशिष्ठीत आलं. म्हणून उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती राहते, आणि विजेची मागणी वाढली की तिचं पाणी वाढतं.

"म्हणजे कुणीतरी दिवा लावला की आपली होडी हलणार?" नातू म्हणाला. मी त्याला जवळ घेतलं. त्याने बरोबर ओळखलं होतं.

हीच नदी पावसाळ्यात कशी असते, तेही सांगणं भाग होतं. २२ जुलै २०२१. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झालेले, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. वर सह्याद्रीवर ढग फुटल्यासारखा पाऊस आणि खाली समुद्र चढलेला. जे पाणी उतरून जायचं त्याला वाट मिळेना आणि चिपळूण शहर बुडालं. माणसं गेली, घरं गेली. बाळांनो, जी तिथी आपल्याला होडी न्यायला उपयोगी पडते, तीच तिथी पुराच्या दिवशीही पाहावी लागते. खाडीकाठच्या माणसाला ती माहीत असणं हे नुसतं पाठांतर नाही, जीव वाचवणारं ज्ञान आहे.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग नातीने पेन्सिल उचलली. परतीचा हिशेब राहिला होता.

षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला दाभोळला पूर्ण भरती, गोवळकोटला सव्वासहाला. तिथून ओहोटी. पहाटेचा डोंगराकडचा वारा पाठीवर. "सव्वासहाला निघायचं," ती म्हणाली, "पाणी आपलं, वारा आपला. सहा तास चाळीस मिनिटांत..." आणि ती थांबली. तिने वहीत दोन रेघा काढल्या. एक आमच्या होडीची, गोवळकोटहून खाली येणारी. दुसरी दाभोळहून निघालेली. दाभोळला ओहोटी संपणार पावणेअकराला आणि तिथून नवी भरती खाडी चढायला लागणार. दोन्ही रेघा एकमेकींकडे सरकत गेल्या आणि सव्वाअकराच्या आसपास, दाभोळच्या दहा किलोमीटर आधी, एकमेकींना भेटल्या.

"जाताना भरती आपल्याबरोबर चालते, म्हणून खूप वेळ पुरते," ती हळू म्हणाली. "येताना ती समोरून येते, म्हणून लवकर भेटते."

"शिमग्यात पालखीबरोबर चाललं की वाजंत्री किती वेळ ऐकू येतं," आजी म्हणाली, "आणि पालखी समोरून आली की क्षणात निघून जाते. तसंच ते."

"आणि खारा वाराही तेव्हाच सुटणार, तोही समोरून," नातू म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "आबा! सकाळी अकरा! मामांनी नांगर टाकला होता ना?"

मी मान हलवली.

"पाहुणा म्हणजे समुद्र!"

दहा वर्षांचा मी नाळेवर बसून दुपारपर्यंत ज्याची वाट पाहत होतो, तो माझ्या डोळ्यांदेखत होडीखालून गेला होता. मी होड्या शोधत होतो, म्हणून मला दिसला नाही. मामांना कागद-पेन्सिल ठाऊक नव्हती, पण ते पाण्याकडे बघून जाणत होते की त्याच्याशी झुंजून काही मिळणार नाही. संध्याकाळी तोच परत फिरेल आणि आपल्याला घरी सोडेल.

नातीने शेवटच्या दोन ओळी लिहिल्या आणि वही आजीपुढे धरली. आजीने चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

"षष्ठी, सकाळी सव्वाअकरा. धक्का बघून नांगर टाकणे. पाहुण्याला वाट देणे. सप्तमी, पहाटे ओहोटी लागली की दाभोळ."

मग तिने दिनदर्शिकेत माघ शुद्ध पंचमीच्या चौकोनात, दुधाच्या खाड्यांसाठी राखलेल्या जागेत, एक छोटीशी होडी काढली.